लली, मशीन चाललंय

लली, मशीन चाललंय. काल सकाळपासून एकदाही गोठलं नाही. हे नक्की झाल्यावर मी पहिल्यांदा मान डावीकडे वळवली. तू डावीकडेच बसायचीस, स्टुलावर एक पाय वर घेऊन. स्टुलावर स्क्रूची बरणी होती. मग मी मान सरळ केली आणि पडद्यावर फिरणाऱ्या बिल्डिंगकडे बघत बसले.

मला लिहायची सवय नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, आणि त्यातही शेवटचा निष्कर्ष तू सांगायचीस. पण तुला सांगायचं बरंच साठलंय आणि एका जागी बसवत नाहीये. जेवता जेवता उठते. बसस्टॉपवर बस यायच्या आधीच चालायला लागते. काल बाबा म्हणाले, "एका जागंला बस की गं. पायाला भिंगरी लावलीया का?" त्यांना काय सांगू? दिवसभर मार्केटात पोती उचलून आलेल्या माणसाला आपली मुलगी कशानं दमलीय हे समजावता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. माझं दमणं कसलं असतं हे त्यांना अजून कळायचंय, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तुझ्या जाण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ताप आला, मलेरिया म्हणाले, मग तो डोक्यात गेला म्हणाले. एवढंच मला माहीत आहे आणि एवढ्यानं काहीच कळत नाही.

मशीनचं सांगते.

तुला आठवतं, प्रधान सरांनी विचारलं तेव्हा मी टेबलाखाली तुझी ओढणी ओढत होते. सर आर्किटेक्ट, बेलापूरला ऑफिस, त्यांचे साधे कॉम्प्युटर तू दुरुस्त केलेले. त्यांना आता असं मशीन हवं होतं ज्याच्यावर अख्खी बिल्डिंग उभी करून गोल फिरवून दाखवता येईल. दोन प्रोसेसर, एकवीस इंची मॉनिटर, परदेशी ग्राफिक्स कार्ड. असलं मशीन आपण फक्त मासिकात बघितलेलं. आणि तू म्हणालीस, "करू की सर. आम्ही दोघी करू."

खाली उतरल्यावर मी म्हणाले, "लली, आपल्याला येतं का हे?"

"लहान मशीन येतं ना जोडायला? मग हे मोठं. बोटीचं पण तसंच असतं गो. होडी काय नि ट्रॉलर काय, पाणी आत येऊ द्यायचं नाही, बस."

तुझं सगळं बोटीपासून सुरू व्हायचं आणि बोटीपाशी यायचं. मॉनिटरसुद्धा तू मामाच्या मासळीच्या टेम्पोतून आणलास. टॅक्सीत मावेना म्हणून. बर्फाच्या पेट्या बाजूला सारून त्यात तो खोका, आणि खोक्याला धरून आपण दोघी. सर पहिल्या दिवशी मॉनिटरजवळ वाकून म्हणाले, "कसला वास येतोय हो?" तू तोंड सरळ ठेवून म्हणालीस, "नवीन आहे ना सर. नव्या प्लास्टिकचा." सरांनी मान डोलावली. मी पाणी प्यायला बाहेर गेले, नाहीतर हसले असते.

पण त्याच्या आदल्या दिवशी दिवाळे गावात तुमच्या घरी जे झालं तिथून मला सांगायला पाहिजे.

सगळे पार्ट एक दिवस तुमच्याकडे होते. मावशी मासळी विकून आल्या, टोपली दारात ठेवली, हातपाय धुतले, आणि खोक्यांपुढे बसल्या. कुंकू लावलेल्या अक्षतांची एक पुडी करून तुझ्या हातात दिली.

"पयल्यांदा चालू करशील तवा चार दाने टाक. भायेर नको, आत. जिथं त्याचा जीव हाय तिथं."

"आये, ती बोट नाय."

"बोट पन आधी नवीच असते. नव्या वस्तूला उपाशी ठेवू नये."

"बोटीला नारल फोडतात तरी इंजिन बंद पडतं. मग बाबा नारल शोधतात का पाना?"

मला वाईट वाटलं. दसऱ्याला माझे बाबा पोती ओढायचा आकडा धुऊन पुसून देवापुढे ठेवतात, त्याच्यावर झेंडूचं फूल असतं. मी हळूच म्हणाले, "टाक गं. काय जातंय आपलं?"

तू माझ्याकडे वळलीस. "तू इंजिनीअर होणार ना? मदरबोर्डवर तांदूळ टाकणारी इंजिनीअर? सातारकरीण, तू तर गप्पच बस." आणि पुडी स्क्रूच्या बरणीत खुपसलीस. मावशी सुकत घातलेले बोंबील काढायला उठल्या.

त्यावरून आपण बेलापूरपर्यंत भांडलो. मी म्हणत होते की मान म्हणून करायचं, यंत्रासाठी नाही, माणसासाठी. तू म्हणत होतीस, आज माणसासाठी म्हणून केलं की उद्या यंत्रासाठी होतं. माझ्याकडे उत्तर नेहमी घरी गेल्यावर यायचं.

मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सर, त्यांचे ड्राफ्ट्समन, सगळे मागे उभे होते. बिल्डिंग पडद्यावर आली, फिरायला लागली, खिडक्यांच्या काचा चमकल्या. कुणीतरी टाळी वाजवली. आणि थोड्या वेळानं बिल्डिंग तिरकी असतानाच थांबली. माउस मेला. कीबोर्ड मेला. तू रीसेटचं बटण दाबून म्हणालीस, "पहिल्यांदा होतं असं."

पहिल्यांदा झालं, आणि मग रोज होत राहिलं. सकाळी थंड मशीन छान चालायचं. तापलं की गोठायचं. कधी चहा यायच्या आत, कधी जेवणानंतर. ठरावीक वेळी बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान पकडता आलं असतं. ते आपल्याला खेळवत होतं. तुझा पाय सतत हलायचा, त्यानं टेबल हलायचं, आणि मी म्हणायचे की तुझ्या पायानंच बिघडतंय ते.

मी म्हणाले रॅम खराब आहे. तू म्हणालीस अर्थिंग खराब आहे. मी म्हणाले एका वेळी एकच गोष्ट बदलू, नाहीतर कशानं काय झालं कळणार नाही. तू म्हणालीस, "तुझ्यानं आपण म्हाताऱ्या होऊ." मी एकेक पट्टी काढून बघत राहिले. तू मीटर घेऊन प्लगमध्ये खुपसलास आणि ओरडलीस की बघ, न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्टेज येतंय ते. मग बिल्डिंगमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आपण खडेमीठ टाकून बादल्या ओतल्या. वॉचमन बघत उभा.

"काय मॅडम, झाड लावला काय?"

"हां. करंटचं झाड. आंबे लागले की तुम्हाला पयला देते."

व्होल्टेज खरंच उतरलं. तू उड्या मारत वर आलीस. मशीन दुपारपर्यंत चाललं आणि गोठलं. तू कपाळावर हात मारून घेतलास आणि त्याला मीठ लागलेलं होतं, ते डोळ्यात गेलं. लली, तेव्हा मी हसले. तूही हसलीस, एक डोळा मिटून. त्या दिवशी आपल्याला काहीही जमलं नव्हतं आणि आता मला तोच दिवस परत परत हवा असतो.

ग्राफिक्स कार्डाचा संशय दोघींनाही होता. ते काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावलं तर उत्तम चाललं. आपल्या मशीनमध्ये त्याच्यासाठी स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायची खाच, एकच, दुसरीकडे हलवून बघता येईना. मग तू दर वेळी ते काढायचीस, रबरानं पुसायचीस, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून परत बसवायचीस. "दाबून बसव" हे तुझं औषध होतं. माझे अंगठे कमी पडायचे. तू म्हणायचीस, "भाकरी थापतेस ना? मग जोर कुठं जातो?"

मग मावशींनी विचारलं, तांदूळ ठेवले होतेस का. मी तिथंच होते, तुमच्या ओट्यावर. तू थकलेली होतीस. ताप तेव्हाच अंगात असेल, आम्हाला कुणाला कळलं नाही.

"नाय ठेवलं आनि ठेवनार पन नाय."

"म्हनून चालत नाय ते."

"आये, पुरे."

आणि मावशी बोलून गेल्या, "नवी वस्तू उपाशी ठेवलीस. कायतरी घेतल्याबिगर ऱ्हायची नाय ती."

घराघरात आया बोलतात तसं बोलल्या. माझी आई याहून वाईट बोलते आणि लगेच ताट वाढते. मावशींनीही तुला जेवायला वाढलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात तू नव्हतीस.

तुझ्या दहाव्याला मी आले तेव्हा त्यांनी मला आत नेलं. रडत नव्हत्या. हातात काही नसताना मासे निवडावेत तशी त्यांची बोटं हलत होती.

"सुजाते, मी बोलली गो तिला. माज्याच तोंडानं बोलली. ते घेनार म्हनून."

"मावशी, असं नसतं. ताप होता तो."

"ते मना नको सांगू. डॉक्टरनी पन सांगितलं. मना एवढंच सांग, तिनं तांदूल ठेवलं होतं काय? तू होतीस ना संगती."

'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो, लली? तू असतीस तर म्हणाली असतीस, नव्या प्लास्टिकचा वास म्हणालीस तसंच. माझ्यानं नाही झालं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि माझ्या तोंडावर सगळं दिसतं, हे तूच मला सांगितलंयस. तू "नाय ठेवलं" म्हणालेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी म्हणाले, "मला माहीत नाही." त्यांनी मान हलवली. नंतर शेजारच्या बाईंनी सांगितलं, त्या अन्न घेत नाहीत. टोपली घेऊन बाजारात जातात, अर्ध्या वाटेतून परत येतात.

इकडे सरांनी बोलावलं. सर वाईट नाहीत. तुझ्याबद्दल बोलताना त्यांनी चष्मा काढला. पण मग म्हणाले, "हे बघ, मी आता कंपनीचा माणूस बोलावतो. लोक मला हसतात, की एवढं मशीन मुलींच्या हातात दिलंत. मूळ जोडणीच चुकली असणार असं सगळे म्हणतात."

तू असतीस तर काय उत्तर दिलं असतंस ते मला पाठ आहे. पण तू नव्हतीस आणि खोलीत मी एकटीच होते. माझा आवाज घशातच अडकतो, तुला माहीत आहे. मी म्हणाले, "सर, जोडणी ललीची आहे. चुकलेली नाही. शनिवारपर्यंत द्या मला."

"काय?" सर म्हणाले. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

मग मला ते परत म्हणावं लागलं. मोठ्यानं. तू मला किती वेळा सांगितलंस, तोंडात बोलू नको, समोरच्याच्या कानात बोल. बघ, बोलले. तू गेल्यावर.

काल सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या मी गेले. मशीन आडवं केलं, झाकण काढलं, सगळं एकेक करून बाहेर ठेवलं, माझ्या पद्धतीनं. डिस्क, केबल, रॅम. शेवटी ते कार्ड. तोपर्यंत काहीच वेगळं झालं नव्हतं. कार्ड परत बसवायचं म्हणून हातात घेतलं आणि थांबले. ते बसवायचं काम तुझं. मला ते एकटीनं कधीच बसवता आलं नव्हतं. कार्ड निघालं की लगेच तुझे अंगठे त्याच्यावर असायचे, रिकामा स्लॉट मी कधी नीट पाहिलेलाच नव्हता. जोर कमी, म्हणून निदान सरळ धरावं असा विचार करून मी खाली वाकले आणि बोर्ड खिडकीकडे वळवला.

स्लॉटच्या टोकाला, अगदी तळाशी, काहीतरी लाल होतं.

मला वाटलं बोर्डचाच रंग असेल. सरांच्या गणपतीपुढून उदबत्तीची विझलेली काडी आणली आणि टोक आत घातलं. निघेना. बराच वेळ लागला. शेवटी निघालं ते माझ्या तळहातावर आलं. तांदळाची कणी. अर्धा दाणा, दाबून दाबून चपटा झालेला. कुंकू लागलेलं.

लली, मी खाली फरशीवर बसले.

पहिल्या दिवशी तू मला खाली वॉचमनकडे पाठवलं होतंस, एक्स्टेन्शन बोर्ड मागायला. वर बोर्ड होता, मी तुला दाखवलाही होता. तू म्हणालीस, "लांबीला कमी पडेल, जा ना." मी परत आले तेव्हा तू ओढणीला हात पुसत होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "चल, कार्ड बसवू." विचारण्यासारखं काही दिसलंच नाही मला.

चार दाणे टाकलेस. मग बहुतेक फुंकर मारून काढलेसही, यंत्राचं नुकसान नको म्हणून. तीन निघाले. एक स्लॉटमध्ये गेला. आणि मग तू स्वतःच, तुझ्या त्या अंगठ्यांनी, दर वेळी त्याच्यावर कार्ड दाबत गेलीस. कार्ड एका टोकाला केसभर उचललेलं राहिलं. थंड असताना टेकत होतं, तापलं की सुटत होतं. आपण मीठ टाकलं, बादल्या ओतल्या, रॅम बदलला.

तुला कधी शंका आली होती का? हे मी कालपासून स्वतःला विचारतेय. आली असेल आणि मला सांगायची लाज वाटली असेल? मला "मदरबोर्डवर तांदूळ टाकणारी इंजिनीअर" म्हणून झाल्यावर कसं सांगणार होतीस? आणि मावशींना तरी कसं सांगणार, की ठेवले होते, तुझ्यासाठी ठेवले होते, तरी मशीन चालत नाहीये? तू त्यांना "नाय" म्हणालीस तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला होता. मी तुला ओट्यावरच कोपर मारलं होतं. आता वाटतं, तुझ्या त्या "नाय"मध्ये बरंच काही दाबून बसवलेलं होतं. पण मला खरं माहीत नाही. तू नाहीस, आणि मी तुझ्या वतीनं निष्कर्ष लिहिणार नाही.

कार्ड मी बसवलं. अंगठे दुखले. एका बारीक आवाजानं ते खाली गेलं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला आणि या मशीनवर तूही कधी ऐकला नसणार. बिल्डिंग फिरली. सकाळ गेली, जेवणं झाली, उन्हं उतरली, बिल्डिंग फिरतच होती. सर दोनदा येऊन बघून गेले.

"काय होतं?"

"कार्ड नीट बसत नव्हतं, सर. आता बसलं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांच्याकडे कुणी बिल्डर आला होता. त्याला पडदा दाखवताना सर म्हणाले, "हे मशीन दोन मुलींनी जोडलंय." दोन म्हणाले, लली. मी माझ्या कानांनी ऐकलं.

कणी कागदात गुंडाळून मी थेट दिवाळ्याला गेले. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात टोपली पालथी. मी कागद उघडून त्यांच्या हातावर ठेवला. "मावशी, ललीनं ठेवले होते. आत, जिथं तुम्ही सांगितलं तिथंच. हा आज सापडला."

त्यांनी ती कणी उजेडाकडे धरली. कितीतरी वेळ बोटांत फिरवली. कुंकू ओळखीचं होतं.

"मना तर नाय बोलली."

"मलाही नाही सांगितलं."

"लबाड," मावशी म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा रडल्या, मोठ्यानं, शेजारच्या बाया बाहेर येईपर्यंत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला तसं कुणाला धरून बसता येत नाही, पण बसले.

शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "आनि मशीन?"

"चाललंय. आजपासून."

त्यांनी डोळे पुसले. "मंग? मी काय सांगत होती?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. केसभर उचललेलं कार्ड, तापमान, कशानं काय झालं ते. या एका वेळी उत्तर माझ्याकडे घरी जायच्या आधी आलं होतं, आणि मी ते गिळलं. तू असतीस तर तूही गिळलं असतंस, आता मला तेवढं कळतं.

मी निघाले तर त्यांनी हाक मारली. कागद परत माझ्या हातात दिला.

"हे घेऊन कुठं चाललीस? परत ठेव तिथंच. लेकीनं ठेवलेलं काढू नये."

आज सकाळी मी मशीन बंद करून झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, बोर्डापासून आणि पंख्यापासून लांब, एका कोपऱ्यात ती कणी ठेवली आणि वरून काळी चिकटपट्टी लावली. दोनदा नख फिरवलं, सुटायला नको. मग झाकण बसवलं, बरणीतून स्क्रू काढले आणि आवळले. बरणीच्या तळाशी तुझ्या पुडीचा रिकामा कागद होता. तो तिथंच राहू दिला.

बटण दाबलं. पंखे फिरले. तुझं ते "मदरबोर्डवर तांदूळ?" मला डावीकडून स्पष्ट ऐकू आलं, आणि मी आवाज घशात न अडकवता उत्तर दिलं, ड्राफ्ट्समननं वळून बघेपर्यंत मोठ्यानं:

"आत आहे, लली. पण स्लॉटमध्ये नाही."